‘कोविडनंतर मुलं बदलली’ : बालवाडीतल्या या वाक्याचं संशोधनात काय करायचं?

अंगणवाडीतल्या किंवा बालवाडीतल्या कुठल्याही ताईंशी दहा मिनिटं बोलत बसा, हे वाक्य येतंच. ‘कोविडनंतर मुलं बदलली हो.’ कुणी म्हणतं एका जागी बसत नाहीत, कुणी म्हणतं मोबाईल समोर धरल्याशिवाय घास गिळत नाहीत, कुणाची तक्रार असते की चार वर्षांचं झालं तरी नीट बोलत नाही. आणि शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही विभागात डोकावलात, तर पेट पास होऊन आराखडा लिहायला बसलेल्या एकदोघांच्या कागदावर हा विषय असतोच : ‘कोविड-१९ नंतरच्या काळात पूर्वप्राथमिक शिक्षिकांच्या समायोजनाचा चिकित्सक अभ्यास’.

विषय चांगला आहे, जिवंत आहे. पण शीर्षकातले दोन शब्द तुम्हाला पुढे तीन वर्षं छळणार आहेत. एक ‘नंतर’, दुसरा ‘समायोजन’. आराखडा समितीसमोर न्यायच्या आधीच त्यांच्याशी भांडून घ्या.

‘नंतर’ म्हणजे नक्की कधी?

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं हे सगळ्यांना पाठ आहे. उघडताना मात्र मोठी मुलं आधी आणि धाकटी शेवटी असा क्रम होता. महाराष्ट्रात ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीच्या पुढचे आणि शहरांत आठवीच्या पुढचे वर्ग सुरू झाले. पहिलीपर्यंत यायला डिसेंबर उजाडला, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप लागलं. २४ जानेवारी २०२२ पासून शाळा उघडायला परवानगी मिळाली तेव्हा त्यात पूर्वप्राथमिक वर्गही होते, पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाचा. म्हणजे गावागणिक, शहरागणिक तारीख वेगळी.

आता जरा बोटांवर हिशोब करा. जून २०१६ मध्ये जन्मलेलं मूल घ्या. जून २०१९ ला ते तीन वर्षांचं झालं, अंगणवाडीत आलं, नऊ महिने बसलं आणि घरी गेलं. पुढचा जवळजवळ सगळा बालवाडीचा काळ घरात काढून जून २०२२ ला ते पहिलीत दाखल झालं. जून २०१७ चं मूल तीन वर्षांचं झालं तेव्हा दार बंदच होतं. वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा ते साडेचारच्या पुढे गेलेलं, आणि त्याला मिळालं जेमतेम सव्वा वर्ष. जून २०१९ चं मूल बरोबर तिसऱ्या वर्षी, उघड्या दारातून आत आलं. त्याची बालवाडी एक दिवसही बुडाली नाही. पण त्याचं रांगणं, पहिला शब्द, पहिलं पाऊल हे सगळं बंद घरात झालं. आणि जून २०२२ चं मूल? ते २०२५ मध्ये अंगणवाडीत आलं. त्याने टाळेबंदी पाहिलेलीच नाही.

या चारही मुलांना ताई ‘कोविडची मुलं’ म्हणतात.

यात ताईंचा दोष नाही. आपण रोजच्या बोलण्यात असंच करतो. पण तुम्ही संशोधक म्हणून तेच वाक्य उचललंत तर चार वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्या जातील. वयाचा परिणाम, काळाचा परिणाम आणि एकाच सुमाराला जन्मलेल्या तुकडीचा परिणाम, हे तीन धागे वेगळे करणं ही लोकसंख्याशास्त्रातली जुनी डोकेदुखी आहे. तिचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. तुम्ही निदान एवढं करू शकता : मुलाखतीत ‘मुलं’ म्हटलं की लगेच विचारायचं, कोणत्या वर्षी आलेली मुलं? ताई थांबतात, आठवतात, आणि उत्तर पुष्कळदा बदलतं.

यामागे खरीखुरी जोखीम आहे. चार वर्षांचं मूल बोलत नसेल तर त्याला ऐकू कमी येत असेल, भाषाविकासात अडचण असेल, किंवा खरंच काही नसेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात ती यासाठीच. पण ‘कोविडचं मूल आहे, बोलेल हळूहळू’ हे उत्तर तयार असलं की ते मूल पथकापुढे उभंच केलं जात नाही. आई निर्धास्त होते, ताई निर्धास्त होतात, आणि एक वर्ष जातं. त्या वयातलं एक वर्ष फार मोठं असतं. तुमच्या प्रबंधात ‘कोविडमुळे भाषाविकास मंदावला’ असं एक सैल वाक्य गेलं, तर त्या तयार उत्तराला विद्यापीठाचा शिक्का मिळतो.

आधीच्या अभ्यासांतून काय कळतं, काय कळत नाही

‘असर’चा २०२२ चा अहवाल बहुतेकांनी चाळलेला असतो. ग्रामीण भारतात तिसरीतली, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. हा आकडा सगळे उद्धृत करतात. त्याच अहवालातला दुसरा आकडा आपल्या विषयाला जास्त जवळचा आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही : कुठल्या ना कुठल्या बालशिक्षण केंद्रात नाव असलेली तीन वर्षांची मुलं २०१८ पेक्षा ७.१ टक्क्यांच्या फरकाने वाढून ७८.३ टक्के झाली. फक्त अंगणवाडीचं बघितलं तर ५७.१ वरून ६६.८ टक्के. म्हणजे महासाथीनंतर ताईंच्या हजेरीपटावर तीन वर्षांची मुलं पूर्वीपेक्षा जास्त आली. वर्ग ‘आवरत नाही’ याचं एक अगदी साधं कारण इथे असू शकतं. तीन वर्षांची मुलं जास्त असलेला वर्ग पाच वर्षांच्या वर्गासारखा बसणारच नाही! पटावरची नोंद आणि रोजची हजेरी यांत फरक असतो, हे मात्र विसरू नका.

तमिळनाडूतला अभ्यास सावकाश वाचा. अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी ग्रामीण भागातल्या प्राथमिक वयाच्या सुमारे १९,००० मुलांची पाहणी केली. डिसेंबर २०२१ मध्ये मुलं २०१९ च्या समवयस्कांपेक्षा गणितात ०.७ आणि तमिळमध्ये ०.३४ प्रमाण विचलनाने मागे होती. शाळा उघडल्यानंतरच्या सहा महिन्यांत या तुटीपैकी दोन तृतीयांश भरून निघाली, आणि त्यातला जवळपास पाव वाटा ‘इल्लम तेडी कल्वी’ या वस्तीपातळीवरच्या शिकवण्यांचा होता. हे इतक्या ठामपणे सांगता आलं ते एकाच कारणाने : त्यांच्याकडे २०१९ ची मोजणी होती. महासाथ येणार म्हणून नव्हे, दुसऱ्या कामासाठी केलेली. तुमच्याकडे अशी आधीची मोजणी आहे का? बहुधा नाही. मग ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकात घालू नका. मार्गदर्शक आग्रह धरतील, तरी नका.

बाहेरच्या देशांतलं साहित्य भरपूर आहे. इंग्लंडच्या ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेने २०२२ च्या वसंतात लिहिलं की लहान मुलांना चेहऱ्यावरचे भाव ओळखायला जड जातंय, बोलणं उशिरा येतंय, स्वतःचं स्वतः करण्यात ती मागे आहेत. हे तपासनीसांच्या भेटींवर आणि शिक्षिकांच्या सांगण्यावर आधारलेलं आहे. म्हणजे मूलतः तेच आपलं वाक्य, इंग्रजीत. आयर्लंडमध्ये टाळेबंदीत जन्मलेल्या बाळांची आधीच्या बाळांशी तुलना झाली : पहिल्या वाढदिवसाला बोट दाखवणं, टाटा करणं, एक तरी स्पष्ट शब्द बोलणं थोडं कमी, आणि रांगणं मात्र जास्त. घरात जमिनीवर जास्त वेळ मिळाला असावा, असा एक अंदाज आहे. मला हा अभ्यास आवडतो, कारण त्यात एका दिशेचं रडगाणं नाही.

पण मुलांवरच्या या ढिगात शिक्षिका कुठे आहे? ती बहुतेक ठिकाणी साक्षीदार आहे. मुलांबद्दल सांगते, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. तुमची जागा इथे आहे.

‘समायोजन’ कशाशी?

बाजारात समायोजनाच्या तयार मापिका मिळतात. चाळीस विधानं; ‘नेहमी, कधी कधी, कधीच नाही’. शंभर शिक्षिकांकडून भरून घ्या, शहरी-ग्रामीण, विवाहित-अविवाहित, दहा वर्षांपेक्षा कमी-जास्त अनुभव अशा जोड्या लावा, टी-चाचणी करा, शून्य परिकल्पना स्वीकारा किंवा फेटाळा. असे प्रबंध होतात, पदवीही मिळते. त्यातून बालवाडीच्या खोलीत काय घडतंय ते मात्र कळत नाही.

आधी बघा की ‘पूर्वप्राथमिक शिक्षिका’ ही एक जमात नाही. अंगणवाडी सेविकेचं उदाहरण घ्या. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून तिच्याकडे सहा सेवांचं काम आहे. पूर्वशालेय शिक्षण ही त्यातली एक. महासाथीत मुलं घरी होती, सेविका नव्हती. ती घरोघर शिधा पोचवत होती, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’सारख्या मोहिमांत दारोदार फिरत होती. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं; ॲप इंग्रजीत आणि फोन सतत बिघडणारे, ही तक्रार. म्हणजे २०२२ मध्ये मुलं परत आली तेव्हा सेविका विश्रांतीनंतर वर्गात आली नव्हती, तर दमून, आणखी एक काम हातात घेऊन आली होती. तिचं समायोजन मुलांशी, की मोबाईलशी, की मानधनाशी?

खासगी बालवाडीतल्या शिक्षिकेची गोष्ट अगदी वेगळी. फी थांबली, पगार अर्धा झाला किंवा बंदच. पुष्कळ छोट्या बालवाड्या पुन्हा उघडल्याच नाहीत. कुणी घरी शिकवण्या सुरू केल्या, कुणी डबे करू लागल्या, कुणी दुकानात लागल्या. आता तुम्ही आजच्या बालवाड्यांत जाऊन ‘शिक्षिकांचं समायोजन’ मोजलंत, तर भेटतील फक्त टिकलेल्या. ज्यांना जमलं नाही, परवडलं नाही, त्या तुमच्या नमुन्यात नाहीत. निष्कर्ष निघेल : ‘बहुसंख्य शिक्षिकांचे समायोजन समाधानकारक आढळले.’ गिरणी बंद पडल्यावर जे कामावर दिसतात त्यांनाच विचारून गिरणगाव मजेत आहे म्हणण्यासारखं झालं हे.

शिवाय खासगी बालवाड्यांना आपल्याकडे वर्षानुवर्षं नोंदणीची सक्ती नव्हती. त्यामुळे २०१९ ची पूर्ण यादी हवी असेल तर ती कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही. मग यादृच्छिक नमुना कशातून काढणार? त्यापेक्षा एक तालुका किंवा शहरातले दोन वॉर्ड घ्या, भेटलेल्या प्रत्येक शिक्षिकेला विचारा, ‘२०१९ मध्ये तुमच्यासोबत कोण कोण शिकवत होतं? त्या आता काय करतात?’ या एका प्रश्नावर गेलेल्यांची यादी तयार होत जाते. ही स्नोबॉल पद्धत म्हणून कमी दर्जाची समजली जाते, पण जिथे यादीच नाही तिथे तीच प्रामाणिक आहे. मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा.

गोल बसणं, मांडीवर घेणं

समजा, एक ताई म्हणतात, ‘पूर्वी मुलं गोलात बसायची, आता बसत नाहीत.’ हे वाक्य टिपून पुढे जाऊ नका, इथेच थांबा. कदाचित मुलं खरंच बदलली असतील. कदाचित वर्गात तीन वर्षांची जास्त आणि पाच वर्षांची कमी झाली असतील. मोठी मुलं खासगी शाळेच्या केजीत गेली असतील आणि लहानांना गोल दाखवणारं कुणी उरलं नसेल. कदाचित मदतनीसाची जागा रिकामी असेल, त्यामुळे ताई गाणं अर्धवट सोडून खिचडीकडे जात असतील. किंवा २०२२ च्या सुरुवातीला मुलांना लांब लांब बसवायचा नियम होता, तेव्हा गोल मोडला आणि तो पुन्हा घालायचा राहून गेला.

चारही शक्यतांचे पुरावे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. पहिल्यासाठी मुलांचं निरीक्षण, दुसऱ्यासाठी हजेरीपटावरच्या जन्मतारखा, तिसऱ्यासाठी पदांची माहिती आणि पाच-पाच मिनिटांनी केलेली वेळेची नोंद, चौथ्यासाठी ताईंचीच आठवण आणि जुने फोटो. मला स्वतःला तिसरी शक्यता सर्वांत दुर्लक्षित वाटते. तमिळनाडूतच, महासाथीच्या आधी, ॲलेहांद्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी काही अंगणवाड्यांना अर्धवेळ एक जादा कार्यकर्ती देऊन पाहिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, आणि दीड वर्षात मुलांचे गुण गणितात ०.२९, भाषेत ०.४६ प्रमाण विचलनाने वाढले. नवी खेळणी नाहीत, ॲप नाही. एक माणूस वाढला. म्हणून कुणी ‘शिक्षिकेला जुळवून घेता येत नाही’ असं म्हटलं की मी आधी विचारते, तिच्यासोबत खोलीत कोण असतं?

दुसरं उदाहरण स्पर्शाचं. तीन वर्षांच्या मुलाला शिकवणं म्हणजे निम्मं काम हाताने होतं. नाक पुसणं, चड्डी वर ओढून देणं, रडणाऱ्याला मांडीवर घेऊन बाकीच्यांना गोष्ट सांगणं. सुरक्षित अंतराच्या नियमाने नेमका याच कामावर घाव घातला. मास्कने वेगळी अडचण केली : प, फ, ब, भ, म हे ओठांवर दिसणारे वर्ण, ताईंचे ओठच झाकले तर मूल ते बघणार कुठून? नियम गेले, मास्क गेले. पण मांडीवर घेण्याची सवय परत आली का? सगळ्यांची आली का? ज्या शिक्षिकेची नोकरीच २०२२ मध्ये सुरू झाली, तिला ती सवय कुणाकडून लागली? हा प्रश्न छोटा आहे, डोळ्यांनी बघता येणारा आहे, आणि त्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही. ‘समायोजनाचा चिकित्सक अभ्यास’पेक्षा मला यात जास्त जीव दिसतो.

आर्ली हॉकशिल्डचं ‘भावनिक श्रम’ या कल्पनेवरचं १९८३ चं पुस्तक इथे कामाला येईल. ते विमानातल्या सेविकांवर आहे. आपली सेविका वेगळी, पण पोटात काहीही असलं तरी चेहरा हसरा ठेवायचं काम तेच. आणि संदर्भसाहित्य इंग्रजीतच शोधायचं ही खोड सोडा. ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचा. मुलं आणि वर्ग यांची ताटातूट झाल्यावर शिक्षिकेने काय करायचं, हा प्रश्न २०२० मध्ये जन्मलेला नाही हे लक्षात येईल.

ताईंना विचारायचं कसं

‘कोविडमुळे तुमच्या वर्गात काय बदललं?’ असा प्रश्न कधीही विचारू नका. प्रश्नातच कारण सांगून टाकलंत, उत्तर दुसरं काय येणार? त्याऐवजी ‘काल सकाळी पहिलं मूल आलं तिथपासून सांगा’ इथून सुरुवात करा. कालचा दिवस माणसाला बऱ्यापैकी आठवतो. मग मागे जा. पाच-सहा वर्षांपूर्वीचं थेट विचारलं तर जे मिळतं ते त्या काळाचं नसतं, आजच्या मनःस्थितीतून रंगवलेलं असतं. एखादी वस्तू हातात असली की आठवण जमिनीवर येते : स्नेहसंमेलनाचा फोटो, भिंतीवर राहिलेला तक्ता, वजनाच्या नोंदी.

पर्यवेक्षिकेमार्फत गेलात तर परवानगी लवकर मिळते, आणि ‘चांगल्या’ अंगणवाड्यांची यादीही मिळते. परवानगी घ्या, यादी बाजूला ठेवा. पर्यवेक्षिका खुर्चीत बसलेली असताना झालेली मुलाखत ही मुलाखत नव्हे. संमतिपत्र वाचून दाखवा, मराठीत, आणि ‘नाही म्हटलंत तरी माझी काही हरकत नाही, वर कुणाला कळणार नाही’ हे तोंडाने सांगा. मुलं गेल्यावर रजिस्टर भरायचा तासभर असतो, तोच नेमका तुम्ही मागणार आहात याचं भान ठेवा. मापिकेची चाळीस विधानं त्या तासात भरून घेणं हा मला तरी अन्याय वाटतो.

एक व्यवहाराची गोष्ट. २०१९ ते २०२३ या वर्षांचे हजेरीपट, प्रवेशनोंदी आणि दैनंदिनी अजून काही अंगणवाड्यांच्या लोखंडी कपाटात आहेत. ते तिथे कायम राहणार नाहीत. केंद्र नव्या इमारतीत हलतं, सेविका निवृत्त होतात, पावसाळ्यात कागद भिजतात, दिवाळीच्या साफसफाईत रद्दी निघते. साहित्याचा आढावा घरी बसून कधीही लिहिता येईल. आधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करा, विभागप्रमुखांची सही घ्या, आणि नोंदी बघायला जा. वहीतून उतरवताना मुलांची नावं सोडा. जन्ममहिना, प्रवेशाची तारीख आणि हजेरी एवढंच घ्या.